मराठी-कन्नड वेबसाइट पायापासून कशी बांधावी: बेळगावच्या साडी दुकानाच्या उदाहरणासह

बेळगावच्या पेठेत साडी घ्यायला येणारं गिऱ्हाईक एका भाषेचं नसतं. खानापूर, येळ्ळूर, उचगावच्या बायका मराठीत भाव करतात, बैलहोंगल-गोकाककडच्या कन्नडमध्ये. चंदगड-गडहिंग्लजची मंडळी राज्याची हद्द ओलांडून येतात, कारण त्यांची जवळची मोठी बाजारपेठ हीच. गोव्याहून आलेले कोकणीत सुरुवात करून मराठीवर येतात. काउंटरवरचा माणूस हे सगळं सहज सांभाळतो: गिऱ्हाईक बोलेपर्यंत थांबतो आणि त्याच्याच भाषेत उत्तर देतो. त्याच दुकानाची वेबसाइट मात्र बहुतेक वेळा इंग्रजीत तयार होते आणि मराठी-कन्नडसाठी शेवटच्या आठवड्यात भाषांतराचं एक बटण चिकटवलं जातं.

हे बटण चिकटवणं महागात पडतं. इंग्रजी मजकुराच्या मापाने बसवलेल्या चौकटीत मराठी वाक्य मावत नाही, कन्नड अक्षरांचे खालचे भाग कापले जातात, फॉर्म मराठी अंक नाकारतो, शोधात साडी सापडत नाही. आपल्या भागात भाषेचा निर्णय डिझाइनच्या पहिल्या दिवशी घ्यायला हवा, आणि बाकीचे निर्णय त्यातूनच निघतात. खाली बेळगावच्या शहापुरातलं एक काल्पनिक साड्यांचं दुकान धरून तसं काम सुरुवातीपासून कसं करायचं ते सांगतो. एचटीएमएल आणि सीएसएसची तोंडओळख तुम्हाला आहे असं गृहीत धरलंय. टॅग आणि प्रॉपर्टींची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांत लिहायची.

१. कोडच्या आधी काउंटरवर उभे राहा

दुकानात एक दुपार बसा आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या. "नऊवारी आहे काय?" "पंधराशेच्या आत दाखवा." "फॉल-पिको करून मिळंल काय?" "उद्या दुकान चालू आहे न्हवं?" फोनवर येणारे प्रश्नही टिपा, कारण वेबसाइट उघडणारा माणूस बहुधा तेच विचारायला आलेला असतो. या यादीतून पानांची रचना आपोआप ठरते: किंमत, प्रकार, दुकानाची वेळ, साप्ताहिक सुट्टी, यायचा रस्ता, व्हॉट्सॲप. "आमच्याविषयी" हे पान मालकाला प्रिय असतं. ते ठेवा, पण मेन्यूत शेवटी.

तुमच्या वहीतले शब्द कन्नडमध्येही लिहून घ्या, तेही काउंटरवरच्या कन्नड बोलणाऱ्या माणसाकडून. यांत्रिक भाषांतराचं कन्नड पुस्तकी येतं. बेळगाव-धारवाडकडच्या गिऱ्हाइकाला ते परकं वाटतं.

२. मजकूर युनिकोडमध्ये आणा

दुकानाचा मराठी मजकूर बहुधा डीटीपीवाल्याकडे असतो, पत्रकांच्या कोरल-ड्रॉ फाइलींत, जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये. तो थेट कॉपी केला तर वेबवर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, कारण त्या जुन्या पद्धतीत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणा आणि मग डोळ्यांनी वाचा. रूपांतरात पहिली वेलांटी आणि रफार हटकून सरकतात, "दर्शन" आणि "किंमत" असे शब्द तपासले की लगेच कळतं.

मराठीत आणखी दोन ठिकाणी जपावं लागतं. "शेतकऱ्यांना"मधला अर्धा र दोन प्रकारांनी टाइप होतो: काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ वापरून लिहितात, काही साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक म्हणजे झीरो-विड्थ जॉइनर वापरून. दिसायला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. "ॲ"चंही तसंच. एक स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ पासून आहे, पण जुन्या पद्धतीने "अ", जोडक आणि चंद्र मिळवूनही लोक ते लिहितात. मजकुरासाठी यातला एकच प्रकार ठरवा आणि सगळीकडे तोच ठेवा. शोधाच्या पायरीत याचा पुन्हा संबंध येणार आहे.

३. भाषा कोण ठरवणार

सीमाभागात सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. अनेक तयार प्लगइन माणूस कुठल्या राज्यातून आलाय ते आयपी पत्त्यावरून पाहतात आणि भाषा ठरवतात. म्हणजे टिळकवाडीतल्या मराठी बाईला कन्नड पान आणि कोल्हापुरात कामाला असलेल्या गोकाकच्या मुलाला मराठी. माणूस उभा कुठे आहे यावरून त्याची भाषा ओळखता येत नाही, आणि आपल्याकडे असा अंदाज चुकला की तो नुसता गैरसोयीचा राहत नाही, माणसाच्या तो मनाला लागतो. स्थानावरून भाषा ठरवणारी प्रत्येक सेटिंग बंद करा.

दुसरा मार्ग ब्राउझर पाठवतो त्या भाषेच्या यादीचा, म्हणजे ॲक्सेप्ट-लँग्वेज हेडरचा. तो बरा आहे, पण अपुरा. मराठी वाचणाऱ्या कितीतरी जणांचा फोन इंग्रजीत सेट केलेला असतो, कारण दुकानातून घेताना तो तसाच मिळाला. शिवाय आपोआप दुसऱ्या पत्त्यावर ढकलणं गूगलच्या क्रॉलरलाही (पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला) अडचणीचं ठरतं. तो साधारणपणे हे हेडर पाठवत नाही, त्यामुळे त्याला तुमच्या बाकीच्या भाषा सापडायला अडचण येते.

म्हणून ही रचना सुचवतो.

प्रत्येक भाषेला स्वतंत्र पत्ता द्या: डोमेननंतर एमआर, केएन किंवा ईएन असा विभाग. मराठी पान व्हॉट्सॲपवर पाठवलं तर समोरच्याला मराठीच उघडलं पाहिजे. भाषा फक्त कुकीत साठवली तर ते होत नाही. पत्त्याचा पुढचा भाग रोमन अक्षरांत आणि आखूड ठेवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं आणि लिंक कॉपी केली की त्या प्रत्येकाची ९ रोमन चिन्हं होतात. "पैठणी" हा छोटासा शब्द पत्त्यात ४५ चिन्हं खातो आणि चॅटमध्ये ती लिंक फसवणुकीची वाटते.

मूळ पत्त्यावर, म्हणजे नुसत्या डोमेनवर, कुठेही न ढकलता एक हलकं पान ठेवा. त्यावर दुकानाचं नाव, पत्ता, वेळ आणि फोन दोन्ही लिपींत, आणि खाली भाषांची ठळक बटणं. घाईतल्या माणसाचं काम तिथेच होतं.

भाषा बदलायचं बटण प्रत्येक पानाच्या वरच्या भागात, मेन्यूच्या आत न लपवता ठेवा. प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत लिहा, सगळी एकाच आकारात. ध्वज वापरू नका. भाषेला ध्वज नसतो, आणि आपल्या भागात ध्वजाचा अर्थ भाषेपुरता राहत नाही. बटण दाबल्यावर माणूस त्याच साडीच्या पानावर राहिला पाहिजे. मुखपृष्ठावर परत फेकला गेला तर तो पुन्हा शोधत बसणार नाही. निवड लक्षात ठेवा, पण ती फक्त मूळ पत्त्यावरच्या पानात कामाला घ्या.

प्रत्येक पानाच्या हेडमध्ये तिन्ही भाषांच्या जुळ्या पानांचे दुवे एचरेफलँगने (कुठलं पान कुठल्या भाषेतलं ते शोधयंत्राला सांगणारं ॲट्रिब्यूट) द्या आणि मूळ पत्त्याला एक्स-डीफॉल्ट म्हणा. व्हॉट्सॲपवर लिंकखाली जो मथळा आणि चित्र दिसतं त्याचे ओपन ग्राफ टॅगही त्या-त्या भाषेत लिहा. शहराच्या नावाचं धोरण आधीच ठरवा: मराठी पानावर "बेळगाव", कन्नड पानावर कन्नडमधलं नाव, इंग्रजी पानाच्या मथळ्यात दोन्ही रूपं. सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदललं, पण गोव्यातलं गिऱ्हाईक शोधताना अजून जुनंच स्पेलिंग टाकतं.

४. एचटीएमएलचा सांगाडा

एचटीएमएल टॅगवर लँग ॲट्रिब्यूट लावा, आणि मराठी पानात एखादं कन्नड वाक्य आलं तर त्या वाक्यावरही वेगळं लावा. टॉकबॅकसारखा स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचं मोठ्याने वाचणारं साधन) कुठल्या आवाजात वाचायचं ते यावरून ठरवतो. काही फॉन्टांत मराठी वळणाचे "ल" आणि "श" वेगळे ठेवलेले असतात. लँग मराठी असेल तरच ते दिसतात, नाहीतर हिंदी वळण येतं. एवढ्या छोट्या ॲट्रिब्यूटचा इतका उपयोग आहे, तरी बहुतेक मराठी साइट्सवर तिथे इंग्रजीच राहून जातं.

बाकी सांगाडा साधा: हेडर, नॅव, मेन, फूटर. एका पानावर एकच एच-१. क्लिक करून काही घडणार असेल तर बटन टॅग, दुसऱ्या पानावर जायचं असेल तर ए टॅग. डिव्हला क्लिक लावून बटण बनवू नका, कारण कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर दोघांनाही ते बटण असल्याचं कळत नाही.

५. अक्षरं: इथे वेळ द्या

दोन लिपी शेजारी-शेजारी नांदवायच्या तर फॉन्ट एकाच कुटुंबातला घ्या. मुंबईच्या एक टाइप संस्थेचं "अनेक" हे कुटुंब देवनागरी, कन्नड आणि लॅटिन तिन्हींत आहे. जाडी आणि रुंदी बदलता येणारे त्याचे व्हेरिएबल फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात. नोटो सॅन्सही तिन्हींत मिळतो, दिसायला थोडा शांत. दोन्ही खुल्या परवान्याचे, म्हणजे फाइल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते.

फॉन्ट स्वतः ठेवताना फाइल डब्ल्यूओएफएफ-२ प्रकारात घ्या. फॉन्ट-फेसमध्ये युनिकोड-रेंज लिहिली की ब्राउझर त्या पानाला लागणारीच लिपी उतरवतो. देवनागरीची मुख्य रेंज यू+०९०० ते यू+०९७एफ, कन्नडची यू+०सी८० ते यू+०सीएफएफ. देवनागरीच्या रेंजमध्ये न दिसणारे दोन जोडक, यू+२००सी आणि यू+२००डी, आणि रुपयाचं चिन्ह यू+२०बी९ घालायला विसरू नका. ती राहिली तर "ऱ्या" मध्येच तुटतो किंवा ₹ वेगळ्याच फॉन्टमध्ये उठून दिसतो. फॉन्ट छोटा करायला सबसेटिंगचं साधन वापरत असाल तर ओपनटाइप फीचर्स सगळी राखा, कारण जोडाक्षरं त्यांच्यावरच बनतात.

फॉन्ट-डिस्प्लेला स्वॅप द्या, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनच्या स्वतःच्या अक्षरांत मजकूर वाचता येतो. मुख्य फॉन्टची एकच फाइल प्रीलोड करा. पाच जाडींच्या पाच फाइली प्रीलोड केल्या तर साडीचा फोटो मागे पडतो.

आता सीएसएस. इंग्रजी डिझाइनमधून आलेल्या काही सवयी आपल्या लिपीत थेट नुकसान करतात.

लेटर-स्पेसिंग शून्य ठेवा. मथळ्यांत "हवा खेळती ठेवायला" ती वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात.

लाइन-हाइट मराठीला १.६ ते १.७ आणि कन्नडला त्याहून थोडी जास्त द्या. कन्नडमधली ओत्ताक्षरं (जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन) ओळीच्या खाली बसतात, मराठीत वर रफार-मात्रा-अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजीला पुरणारी १.२ ची लाइन-हाइट मथळ्यात दोन ओळी एकमेकींत घुसवते. भाषेनुसार नियम लिहायला :लँग सिलेक्टर आहे. एक कस्टम प्रॉपर्टी ठेवा आणि :लँगने तिची किंमत बदला, मग बाकी सीएसएसला हात लावावा लागत नाही.

ठरावीक उंचीच्या चौकटीवर ओव्हरफ्लो हिडन लावलं की "र्वि"चा वरचा आणि "कृ"चा खालचा भाग कापला जातो. उंचीऐवजी पॅडिंग द्या.

इटॅलिक नको. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत खरं इटॅलिक नसतं, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी ढकलतो आणि ती विद्रूप दिसतात. ठळकपणा जाडीने किंवा रंगाने आणा. फॉन्ट-सिंथेसिसला नन दिलं की हे बनावट तिरकेपण बंद होतं.

अक्षराचा आकार रेममध्ये द्या, पिक्सेलमध्ये कोंडू नका. चाळिशी ओलांडलेल्या गिऱ्हाइकाने फोनमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली असतात आणि तुमच्या पानाने ते ऐकलं पाहिजे. मुख्य मजकूर १७-१८ पिक्सेलएवढा दिसला की दोन्ही लिपी आरामात वाचता येतात. मथळ्यांसाठी क्लॅम्प वापरा, आणि टेक्स्ट-रॅपला बॅलन्स दिलं की शेवटच्या ओळीत एकटा शब्द लोंबकळत नाही.

जावास्क्रिप्टने मजकूर कापायची वेळ आली तर अक्षरांची लांबी मोजून कापू नका. "क्षी" डोळ्यांना एक अक्षर, संगणकाला चार चिन्हं. मध्ये कापलं की लोंबता हलन्त उरतो. त्यासाठी इंटल.सेगमेंटर आहे, सगळ्या प्रमुख ब्राउझरांत तो एप्रिल २०२४ पासून चालतो. नुसतं कार्डावरचं वर्णन आखडायचं असेल तर सीएसएसचं लाइन-क्लॅम्प पुरतं.

६. मांडणी

इथे फार थांबत नाही. साड्यांच्या यादीला ग्रिड, त्यात ऑटो-फिल आणि मिनमॅक्स, म्हणजे फोनवर दोन आणि मोठ्या पडद्यावर चार-पाच कार्डं आपोआप बसतात. मीडिया क्वेरींची रांग लावायची गरज उरत नाही. कार्डाच्या आत कंटेनर क्वेरी वापरा, २०२३ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत त्या चालतात. तेच कार्ड यादीत उभं आणि "आणखी अशाच" पट्टीत आडवं दिसू शकतं.

बटणांना ठरावीक रुंदी कधीच देऊ नका. तीन भाषांत एकाच बटणावरचा मजकूर कमी-जास्त लांब होतो, कन्नडमध्ये तर प्रत्यय जोडून लांबच लांब शब्द तयार होतात. डिझाइन काढताना फिग्मामध्ये आधी सगळ्यात लांब मजकूर टाका, इंग्रजी शेवटी. बोटाने दाबायच्या जागा मोठ्या ठेवा. डब्ल्यूसीएजी २.२ या ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या सुगम्यतेच्या निकषांत किमान २४ बाय २४ पिक्सेल सांगितलेत, पण मी ४८च्या खाली जात नाही. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ हवा. सोनेरी अक्षरं पांढऱ्यावर साडीच्या दुकानांना फार आवडतात, आणि उन्हात उभं राहून ती कोणालाही वाचता येत नाहीत.

७. फोटो

साडीच्या दुकानात फोटो हाच माल. फोनमधून काढलेला मूळ फोटो काही एमबींचा असतो, तो तसाच चढवू नका. एव्हीआयएफ किंवा वेबपीमध्ये दोन-तीन रुंदींत बनवा आणि एसआरसीसेट व साइझेसने ब्राउझरला निवडू द्या. प्रत्येक चित्राला विड्थ आणि हाइट लिहा, म्हणजे फोटो येताना पान उड्या मारत नाही. खालच्या फोटोंना लेझी लोडिंग द्या. सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला मात्र ते कधीच लावू नका, उलट फेच-प्रायॉरिटी हाय द्या.

प्रत्येक साडीचे किमान तीन फोटो घ्या: पूर्ण, काठ, पदर. सगळे दिवसाच्या उजेडात, एकाच जागी. रंग वेगळा निघाला म्हणून साडी परत येणं हा ऑनलाइन विक्रीतला मोठा खर्च आहे आणि तो कॅमेऱ्यापाशीच कमी होतो. ऑल्ट मजकूर विकणाऱ्याच्या नजरेने लिहा: "जांभळ्या अंगाची, लाल पदराची इरकल नऊवारी."

दिवाळीच्या सेलचं पत्रक डीटीपीवाल्याकडून चित्र म्हणून येईल आणि मालक तेच मुखपृष्ठावर लावायला सांगतील. त्यातला मजकूर काढून घ्या आणि एचटीएमएलमध्ये लिहा. चित्रातली अक्षरं स्क्रीन रीडर वाचत नाही, छोट्या पडद्यावर ती मुंगीएवढी होतात आणि कन्नड पानासाठी वेगळं चित्र बनवावं लागतं.

८. फॉर्म आणि शोध

माझ्या मते सीमाभागातल्या साइटची खरी परीक्षा इथे होते.

ऑर्डरच्या फॉर्मला चारच गोष्टी लागतात: नाव, मोबाइल, पत्ता, पिन कोड. नावाला एकच रकाना ठेवा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव असे तीन केले की प्रत्येक जण आपल्या रीतीने गोंधळतो. प्रत्येक रकान्याला दिसणारं लेबल हवं. आतल्या फिकट प्लेसहोल्डरवर भागवू नका, टाइप करायला लागलं की तो नाहीसा होतो. ऑटोकम्प्लीट ॲट्रिब्यूट नीट भरा, फोन अर्धा फॉर्म स्वतः भरून देतो. राज्य कर्नाटक असं आधीच ठोकून ठेवू नका, चंदगडच्या गिऱ्हाइकाची अडचण होते. पत्त्यात "स्ट्रीट" नको, "गल्ली, गाव" लिहा.

अंकांचा प्रश्न नीट समजून घ्या. मराठी कीबोर्ड चालू असलेली व्यक्ती मोबाइल नंबर देवनागरी अंकांत लिहिते. जावास्क्रिप्टच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं अंकाचं नेहमीचं चिन्ह, म्हणजे बॅकस्लॅश डी, फक्त इंग्रजी अंक ओळखतं. त्यामुळे बरोबर नंबर लिहूनही "अवैध क्रमांक" येतो आणि माणसाला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटतं. तपासणीच्या आधी देवनागरी आणि कन्नड अंक इंग्रजी अंकांत बदलून घ्या, दहा-दहा चिन्हांचा छोटा तक्ता पुरतो. रकान्याचा प्रकार नंबर ठेवू नका. मोबाइलला टेल, पिनला टेक्स्ट आणि इनपुटमोड न्यूमेरिक. पिन ६ अंकी असतो आणि शून्याने सुरू होत नाही, एवढी तपासणी बास.

किंमत दाखवताना इंटल.नंबरफॉरमॅटला मराठी-भारत सांगितलं की हजार-लाखाचे स्वल्पविराम आपल्या रीतीने पडतात आणि अंक आपोआप देवनागरी येतात. कन्नडला ते इंग्रजी अंक देतं. किंमतीसाठी मी तिन्ही पानांवर इंग्रजी अंक ठेवतो, कारण तोच आकडा पुढे यूपीआयच्या पडद्यावर आणि बिलावर येतो आणि माणूस तो ताडून पाहतो. मराठीतही तसे हवे असतील तर लोकेलला लॅटिन अंकांचा विस्तार जोडा. फोनच्या लिंकमध्ये मात्र इंग्रजी अंकच पाहिजेत, नाहीतर फोन लागण्याचा भरवसा नाही.

चूक दाखवताना रकान्याच्या खालीच, त्या पानाच्या भाषेत आणि नेमकं सांगा: "मोबाइल नंबर १० अंकी हवा, इथे ९ अंक आहेत." तो संदेश एरिया-डिस्क्राइब्डबायने रकान्याशी जोडा. चूक झाली म्हणून भरलेला बाकीचा फॉर्म कधीही पुसू नका. माहिती कशासाठी घेताय तेही फॉर्मजवळ लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अशी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायला सांगितलंय. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या परिशिष्टात आहेत, म्हणून तीही तुमच्या भाषांतराच्या यादीत धरा.

आता शोध. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलची साडी मराठी गिऱ्हाईक "इरकल" म्हणून शोधेल, कोणी "इलकल" लिहील, कन्नड गिऱ्हाईक आपल्या लिपीत, आणि निम्मे जण रोमन अक्षरांत, र घालून किंवा ल घालून. सगळ्यांना तीच साडी दिसली पाहिजे. त्यासाठी मोठं सर्च इंजिन लागत नाही. प्रत्येक प्रकाराला पर्यायी शब्दांची यादी जोडा: मराठी, कन्नड, रोमनमधली दोन-तीन स्पेलिंगं. काही शे साड्यांसाठी एक छोटी जेसन फाइल ब्राउझरमध्येच पुरते. शोधण्याआधी दोन्हीकडचा मजकूर नॉर्मलाइझ करून एनएफसी या युनिकोडच्या प्रमाण रूपात आणा, म्हणजे र आणि वेगळा नुक्ता मिळून एकच ऱ होतो. दुसऱ्या पायरीतला जोडकवाला "र्‍य" आणि जुना "अ‍ॅ" मात्र एनएफसीने सुटत नाहीत, ते स्वतः नियम लिहून एका रूपात आणावे लागतात. काहीच सापडलं नाही तर रिकामं पान न दाखवता व्हॉट्सॲपचं बटण द्या, त्यात शोधलेला शब्द आधीच भरलेला असू द्या.

९. वेग, आणि जावास्क्रिप्ट किती

जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना जंगलपट्ट्यात फोनची रेंज कशी येते-जाते ते तुम्हाला माहीत आहे. तुमचं पान तिथे उघडतंय का ते पाहा. गूगलच्या कोअर वेब व्हायटल्सचे तीन आकडे लक्षात ठेवा: मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांच्या आत, बोट लावल्यावर प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत, पान हलण्याचा आकडा ०.१ च्या आत. प्रतिसादाचा हा निकष, आयएनपी, १२ मार्च २०२४ पासून जुन्या एफआयडीच्या जागी आला. जावास्क्रिप्टने लदलेल्या साइट स्वस्त फोनवर नेमक्या याच निकषात अडकतात.

अशा दुकानाला रिॲक्टसारख्या मोठ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीची गरज नाही, हे मी जबाबदारीने सांगतो. ॲस्ट्रो किंवा इलेव्हन्टीसारख्या साधनाने तिन्ही भाषांची तयार एचटीएमएल पानं बनवा आणि जावास्क्रिप्ट फक्त शोध, फिल्टर आणि फॉर्मपुरती ठेवा. झाकणं-उघडणं डिटेल्स टॅगने होतं, पॉपअप डायलॉग टॅगने. मजकूर भाषेनुसार वेगळ्या जेसन फाइलींत ठेवा आणि कन्नड फाइलीत एखादी किल्ली राहून गेली तर बिल्ड थांबेल अशी सोय करा. नाहीतर अर्धं पान इंग्रजीत चढतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. नोकरीसाठी रिॲक्ट शिकताय तर जरूर शिका, पण तो सराव गिऱ्हाइकाच्या डेटा-पॅकवर करू नका.

१०. माणसांसमोर ठेवा

आधी यंत्राने तपासा: लाइटहाउस (पान तपासून गुण देणारं गूगलचं साधन), क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये मंद नेटवर्क आणि चौपट मंद सीपीयू. मग टॉकबॅक चालू करून डोळे मिटून एक साडी ऑर्डर करून पाहा, दोन्ही भाषांत. फोनची अक्षरं दुप्पट करा. मजकुराच्या चाचणीसाठी एक ओळ कायम जवळ ठेवा, जिच्यात "शेतकऱ्यांच्या", "वाङ्मय", "ज्येष्ठ", "ऱ्हस्व", "ॲप" आणि ₹ असेल. कुठल्याही फॉन्टचं दुखणं तिच्यात लगेच दिसतं.

नंतर माणसं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० मध्ये पाच जणांत बहुतेक अडचणी दिसतात असं मांडलं, आणि दोन वेगळे गट असतील तर प्रत्येकातून तीन-चार घ्या असंही सांगितलं. आपल्याकडे दोन भाषा म्हणजे दोन गट. काउंटरवर आलेल्या ओळखीच्या गिऱ्हाइकाला त्यांच्याच फोनवर काम द्या: "मावशी, पंधराशेच्या आतली नऊवारी शोधा बघू यात." आणि गप्प बसा. बोट कुठे अडखळतं, कुठला शब्द त्या मोठ्याने वाचतात, कुठे फोन तुमच्याकडे वळवतात, ते लिहा. मदत करायचा मोह फार होतो, पण मदत केली की चाचणी संपली. कन्नड बोलणाऱ्यांची चाचणी कन्नड बोलणाऱ्या माणसानेच घ्यावी. तुमच्या मोडक्या कन्नडला सांभाळून घेत ते "चांगलं आहे" म्हणून उठतील.

साइट चालू झाल्यावर दर महिन्याला शोधाची नोंद उघडा आणि काहीच न सापडलेले शब्द वेगळे काढा. कुणाचाही नंबर किंवा नाव त्या नोंदीत साठवायचं नाही, फक्त शब्द. लग्नसराईत नवे शब्द येतात, श्रावणात वेगळे. काउंटरवरच्या माणसाला ते दाखवा, कुठली साडी म्हणायची आहे ते तो पटकन सांगेल, आणि तो शब्द पर्यायांच्या यादीत घाला.